ढळलेली वारंवारता : बहुवाहक बिनतारी दळणवळणातील एका चुकीचा इतिहास

मोबाइल फोनमधला क्वार्ट्झचा स्फटिक दशलक्षात दोन भाग चुकला, तर एरवी कुणाच्या लक्षातही येणार नाही. मनगटी घड्याळ एवढेच चुकत असेल तर आठवड्याभरात त्याला सव्वा सेकंदाचा फरक पडतो. पण 2300 मेगाहर्ट्झवर चालणाऱ्या 4जी फोनमध्ये याच दोन भागांचे 4600 हर्ट्झ होतात, आणि 4जीच्या संकेतातील शेजारशेजारच्या दोन उपवाहक लहरींमधले अंतर असते 15,000 हर्ट्झ. फोनचा स्फटिक आणि टॉवरचे घड्याळ यांच्यातील या तफावतीला फ्रिक्वेन्सी ऑफसेट म्हणतात. ती तशीच राहू दिली तर प्रत्येक उपवाहकावरची माहिती थोडी थोडी आजूबाजूच्या सगळ्या उपवाहकांत सांडते आणि कुणाचे काय हे कळेनासे होते. अभियंत्यांच्या भाषेत हा आंतरवाहक व्यत्यय, थोडक्यात आयसीआय. तो कमी करण्याच्या खटपटीला आता जवळपास सात दशके होत आली.

या चुकीचा दुसरा उगम गतीत आहे. कोल्हापूर विमानतळाला लागून असलेले करवीर तालुक्यातील गडमुडशिंगी, पलीकडची गोकुळ शिरगावची एमआयडीसी आणि जवळून जाणारा पुणे-बेंगळुरू महामार्ग हा टापू उदाहरणाला सोयीचा आहे. महामार्गावरून ताशी 80 किलोमीटर वेगाने एसटी टॉवरच्या दिशेने जात असेल, तर 2300 मेगाहर्ट्झची लहर आतल्या फोनला सुमारे 170 हर्ट्झने चढी भासते. टॉवर मागे पडला की तितकीच उतरलेली. हा डॉप्लर परिणाम. रस्त्याकडेचा टॉवर ओलांडताना अधिक 170 चे उणे 170 व्हायला काही सेकंद पुरतात. पाठ्यपुस्तके ऑफसेटचे कारण सांगताना बहुधा डॉप्लरपासून सुरुवात करतात, कारण तो शिकवायला रंजक आहे. प्रत्यक्षात गडमुडशिंगीच्या चौकात उभ्या असलेल्या फोनचा स्वस्त स्फटिक धावत्या एसटीच्या वीसपट-तीसपट अधिक चूक घालतो. फरक एवढाच, की स्फटिकाची चूक बराच वेळ जवळजवळ स्थिर राहते आणि डॉप्लरची क्षणाक्षणाला बदलते.

एका वाहक लहरीवर माहिती धाडणाऱ्या जुन्या रेडिओला ही चूक एवढी का बोचत नव्हती आणि बहुवाहक पद्धतीलाच का बोचली, हे तिच्या रचनेत आहे. वेगाने येणारी माहिती एकाच लहरीवर लादली तर प्रत्येक चिन्ह अगदी थोडा काळ टिकते, आणि डोंगर-इमारतींवर आपटून उशिरा पोचणारे प्रतिध्वनी पुढच्या चिन्हावर चढतात. म्हणून तीच माहिती शेकडो संथ लहरींवर वाटून द्यायची. या लहरी एकमेकींपासून दूर ठेवल्या तर पट्टा वाया जातो. जवळ आणल्या तर त्या एकमेकींवर पसरतात. यातून मार्ग असा निघाला, की प्रत्येक उपवाहकाने एका चिन्हाच्या काळात पूर्णांक आवर्तने पूर्ण करावीत. ग्राहकयंत्र एखाद्या उपवाहकाचा हिशेब करताना त्या काळातली सगळी बेरीज घेते, आणि बाकीच्या उपवाहकांची बेरीज नेमकी शून्य येते. लहरी एकमेकींवर पसरलेल्या असूनही वेगळ्या काढता येतात. हीच त्यांची परस्परलंबता (ऑर्थोगोनॅलिटी), आणि या पद्धतीच्या ओएफडीएम या नावातील पहिले अक्षर तिचेच. ऑफसेट आला की आवर्तने पूर्णांक राहत नाहीत. बेरजेत बाकी उरते आणि ती शेजाऱ्याच्या खात्यावर चढते.

ऑफसेट उपवाहकांमधील अंतराच्या एक दशांश झाला, तर दर उपवाहकावर येणाऱ्या व्यत्ययाची शक्ती मूळ संकेताच्या साधारण तिसाव्या हिश्श्याएवढी होते. ऑफसेट दुप्पट झाला की व्यत्यय जवळजवळ चौपट. प्रक्षेपकाची ताकद वाढवून इथे काही हाती लागत नाही, कारण ताकदीबरोबर व्यत्ययही त्याच पटीत वाढतो.

पहिली बहुवाहक यंत्रणा या सगळ्या गणिताच्या आधीची आहे. अमेरिकेतील कॉलिन्स रेडिओ कंपनीने 1957 मध्ये काइनप्लेक्स नावाचा मोडेम पुढे आणला. लघुलहरी रेडिओच्या तीन किलोहर्ट्झच्या आवाजी पट्ट्यात वीस सूर एकदम वाजत. प्रत्येक सुराच्या कलेत (फेजमध्ये) दोन बिट, सेकंदाला 75 चिन्हे, म्हणजे एकूण 3000 बिट. लघुलहरींवर त्या काळी बहुधा एकपट्टी पद्धत वापरत, जिच्यात वाहक लहर पाठवलीच जात नाही. ती ग्राहकयंत्राने अंदाजाने घालायची. अंदाज शंभर-दोनशे हर्ट्झ चुकला की बोलणाऱ्याचा आवाज बदकासारखा होतो, हे हौशी रेडिओवाल्यांना आजही रोज अनुभवायला मिळते. माणसाचा कान बदकाचेही बोलणे समजून घेतो. 110 हर्ट्झ अंतरावर उभ्या असलेल्या सुरांना ती सवलत नव्हती.

याच घराण्यातील लिंक-11 या नौदलाच्या माहितीजाळ्याने त्यावर काढलेला तोडगा साधा होता. 935 ते 2915 हर्ट्झ या पट्ट्यात माहितीचे पंधरा सूर, आणि त्यांच्या खाली 605 हर्ट्झवर एक कोरा सूर. त्याच्यावर कोणतीही माहिती नाही. ग्राहकयंत्राला तो 605 ऐवजी 618 वर ऐकू आला, तर बाकीचे सगळे 13 हर्ट्झने खाली ओढायचे. जहाज हालते, विमान येते-जाते, समोरचा रेडिओ तापून सरकतो; कोरा सूर हे सगळे एका आकड्यात सांगून टाकतो. पुढच्या काळात पद्धती कितीतरी बारीक झाल्या, पण माहिती नसलेला ओळखीचा संकेत सोबत पाठवायचा आणि त्याच्या ढळण्यावरून सगळ्यांचे ढळणे मोजायचे, ही कल्पना इथूनच पुढे चालत आली आहे.

सिद्धान्त नंतर आला. बेल लॅब्जमधील रॉबर्ट चँग यांनी 1966 मध्ये एकमेकांवर पसरलेले पण परस्परलंब असे संकेत कसे घडवता येतील याची मांडणी केली. त्याचे अमेरिकी पेटंट 1970 मध्ये मिळाले. 1967 मध्ये त्याच संस्थेतील बर्टन सॉल्ट्झबर्ग यांनी या पद्धतीच्या कामगिरीचा हिशेब मांडला आणि निष्कर्ष काढला, की अशा यंत्रणेची रचना करताना एकेक वाहिनी निर्दोष करण्यापेक्षा शेजारच्या वाहिन्यांमधील परस्पर गळती कमी करण्यावर भर द्यावा; दोष तिथूनच वरचढ होतात. आंतरवाहक व्यत्यय या विषयाची बैठक या एका निष्कर्षात आहे, आणि सॉल्ट्झबर्ग यांचे नाव मात्र चँग यांच्या मानाने फार कमी घेतले जाते. पुढच्याच वर्षी चँग आणि गिबी यांनी वाहकाच्या कलेतील आणि नमुने घेण्याच्या वेळेतील चुकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पद्धत प्रत्यक्ष वापरात येण्याच्या कितीतरी आधी तिचा दुबळा सांधा कागदावर उघड झाला होता.

ती वापरात येत नव्हती याचे कारण वेगळेच होते. शेकडो उपवाहकांसाठी शेकडो दोलक आणि गाळण्या कोण बसवणार? 1965 मध्ये कूली आणि ट्यूकी यांनी फूरिये रूपांतराची जलद रीत प्रसिद्ध केली होती. 1971 मध्ये वाइनस्टीन आणि एबर्ट यांनी दाखवले, की दोलकांचा हा सगळा ताफा एका विविक्त फूरिये रूपांतराने हटवता येतो. 1980 मध्ये आयबीएममधील पेलेड आणि रुइझ यांनी प्रत्येक चिन्हाच्या शेपटाची प्रत त्याच्याच डोक्यावर चिकटवण्याची युक्ती सांगितली. हा चक्रीय उपसर्ग प्रतिध्वनी गिळून टाकतो, आणि पुढे तो ऑफसेट मोजायलाही कामाला आला. 1985 मध्ये लिओनार्ड सिमिनी यांनी ही सारी सामग्री मोबाइल रेडिओसाठी तपासली. धावत्या गाडीतील ग्राहकयंत्राचा विचार ठळकपणे पुढे आला तो इथे.

युरोपात 1987 मध्ये सुरू झालेल्या युरेका-147 प्रकल्पातून डिजिटल रेडिओ उभा राहिला आणि 1995 मध्ये ब्रिटन व नॉर्वेत त्याचे नियमित प्रक्षेपण सुरू झाले. त्यात 1536 उपवाहक, एकमेकांपासून एक किलोहर्ट्झवर. हा आकडा काय मागतो ते पाहण्यासारखे आहे. उपवाहक जितके जवळ, चिन्ह तितके लांब, प्रतिध्वनींची भीती तितकी कमी. पण ऑफसेटची सहनशक्तीही तितकीच कमी. 200 मेगाहर्ट्झच्या आसपासच्या पट्ट्यात एक किलोहर्ट्झ म्हणजे दशलक्षात पाच भाग. घरगुती रेडिओत बसेल अशा किमतीचा स्फटिक त्या काळी याच्या बाहेर सहज जाई. महाग दोलक घालून प्रश्न सुटला असता, पण रेडिओ विकला गेला नसता. ग्राहकोपयोगी वस्तूंत ओएफडीएम शिरले तेव्हा ऑफसेट मोजण्याचे काम गणिताकडे सोपवण्यावाचून गत्यंतर उरले नाही, ते असे.

1994 हे वर्ष या इतिहासात महत्त्वाचे आहे. कॅलिफोर्नियातील माँटेरे येथील नौदल पदव्युत्तर शाळेतील पॉल मूस यांनी त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये प्रसिद्ध केलेला लेख आजही या विषयावर सर्वाधिक उद्धृत होणाऱ्या लेखांपैकी आहे. त्यांची कल्पना समजायला कोल्हापूरहून मिरजेपर्यंत जाणे पुरेसे आहे. तिथल्या तंबोऱ्याच्या जोडीच्या दोन तारा एकाच षड्जात मिळवायच्या असतात. त्यांच्यात किंचित फरक राहिला की नाद एकसारखा न राहता फुगतो आणि ओसरतो. भौतिकशास्त्रात याला विस्पंद म्हणतात: सेकंदाला दोन वेळा फुगला तर फरक दोन हर्ट्झचा. तंबोरा लावणारा कारागीर तारेची वारंवारता मोजत बसत नाही. तो फुगवटे ऐकतो आणि ते थांबेपर्यंत मणी सरकवतो. मूस यांनी एकच चिन्ह लागोपाठ दोनदा पाठवायला सांगितले. ऑफसेट नसेल तर दोन्ही प्रती हुबेहूब सारख्या येतील. असेल तर दुसरी प्रत पहिलीच्या मानाने कलेत फिरलेली असेल, आणि हे फिरणे सगळ्या उपवाहकांवर सारखेच असेल. वाटेत लहर कशीही वाकडीतिकडी झालेली असो, दोन्ही प्रती सारख्याच बिघडतात, त्यामुळे तुलनेत बिघाड गळून पडतो आणि कलेचा फरक तेवढा उरतो. तो फरक म्हणजेच ऑफसेट.

रीतीची मर्यादाही तंबोऱ्याचीच. कला एका पूर्ण फेरीनंतर परत मूळ जागी येते, त्यामुळे अर्ध्या फेरीपलीकडचा फरक पुढून आला की मागून ते सांगता येत नाही. मूस यांच्या पद्धतीत ऑफसेट उपवाहकांमधील अंतराच्या अधिक-उणे निम्म्यापर्यंतच ओळखता येतो. त्याहून मोठा पल्ला हवा तर पुनरावृत्तीचे तुकडे आखूड करावे लागतात. मग पल्ला वाढतो पण मोजमाप खडबडीत होते. त्याच लेखात एक व्यावहारिक मर्यादाही होती: व्यत्यय संकेताच्या शंभराव्या हिश्श्याखाली ठेवायचा असेल, तर ऑफसेट उपवाहकांमधील अंतराच्या 4 टक्क्यांच्या आत हवा. हा 4 टक्क्यांचा आकडा पुढे प्रबंधांमधून अगदी घरचा झाला.

नंतरची तीन वर्षे गजबजलेली होती. आखेनमधील क्लासन आणि मायर यांनी आधी ढोबळ, मग बारीक अशी दोन टप्प्यांची पद्धत सुचवली. 1995 मध्ये बेल्जियममधील घेंटच्या पोले, फान ब्लाडेल आणि मुनेक्ले यांनी ओएफडीएम एकवाहक पद्धतीपेक्षा ऑफसेटला किती पटींनी हळवे आहे याचा काटेकोर हिशेब दिला. 1997 च्या जुलैत स्वीडनमधील फान डी बेक, सँडेल आणि बोर्येसन यांनी दाखवले, की ओळखीचा संकेत वेगळा पाठवायचीही गरज नाही. चक्रीय उपसर्ग हा चिन्हाच्या शेपटाची प्रतच आहे, तेव्हा त्या दोन तुकड्यांची तुलना करावी. आहे त्यातच भागवण्याचा हा मार्ग आजही अनेक ग्राहकयंत्रांत बारीक पाठलागासाठी वापरला जातो. डिसेंबरमध्ये स्टॅनफर्डच्या श्मिड्ल आणि कॉक्स यांची पद्धत आली. दोन एकसारख्या अर्धांचे एक चिन्ह: त्यावरून चिन्ह कुठे सुरू होते तेही कळते आणि अपूर्णांकी ऑफसेटही. मग दुसऱ्या चिन्हावरून कळते, की सगळा संच पूर्ण एका-दोन उपवाहकांनी सरकला आहे का. हा पूर्णांकी ऑफसेट फसवा असतो. त्यात परस्परलंबता अबाधित राहते आणि व्यत्यय शून्य असतो. फक्त प्रत्येक उपवाहकाची माहिती शेजारच्या नावावर वाचली जाते.

1999 मध्ये मंजूर झालेल्या 802.11ए या वायफाय मानकात या विचारांचा पहिला मोठा व्यावहारिक उपयोग दिसतो, आणि त्यातील आकडे जवळून पाहावेत असे आहेत. उपवाहकांमधील अंतर 312.5 किलोहर्ट्झ. दोन्ही टोकांच्या यंत्रांना दशलक्षात 20 भागांपर्यंत चुकण्याची मुभा, म्हणजे 5.8 गिगाहर्ट्झवर एक टोक वर आणि दुसरे खाली गेले तर एकूण 232 किलोहर्ट्झ. प्रत्येक पाकिटाच्या सुरुवातीला 0.8 मायक्रोसेकंदाचा एक तुकडा दहा वेळा येतो, मग 3.2 मायक्रोसेकंदाचा तुकडा दोन वेळा. लांब तुकड्यांवरून मोजमाप बारीक होते, पण पल्ला जेमतेम 156 किलोहर्ट्झ. 232 त्यात बसत नाहीत. आखूड तुकड्यांचा पल्ला 625 किलोहर्ट्झ, त्यात ते आरामात बसतात. म्हणून आधी आखूड, मग लांब. एकूण 16 मायक्रोसेकंदांत ऑफसेट मोजून दुरुस्त होतो, आणि जो कण उरतो त्याच्यावर चार पायलट, म्हणजे ओळखीचा संकेत वाहणारे, उपवाहक पाकीट संपेपर्यंत नजर ठेवतात. घराघरांतल्या राउटरमध्ये ही कसरत सेकंदाला शेकडो वेळा चालते.

याच सुमारास एका दुसऱ्या पंथाने जोर धरला. त्याचे म्हणणे असे, की ऑफसेट मोजण्यात चूक राहणारच. तेव्हा संकेतच असा घडवावा की ऑफसेट असूनही गळती एकमेकींना खाऊन टाकेल. हेलसिंकी तंत्रविद्यापीठातील युपिंग झाओ आणि स्वेन-गुस्ताव हेगमन यांनी 1996 मध्ये हा विचार मांडला आणि 2001 मध्ये त्याला स्व-निरसन या नावाने पक्के रूप दिले. एका उपवाहकावर जी किंमत पाठवायची तिचीच उलट किंमत शेजारच्या उपवाहकावर पाठवायची. दूरच्या एखाद्या उपवाहकावर या दोघांची गळती जवळजवळ सारखीच पडते, पण चिन्हे उलट असल्याने ती वजा होते. ग्राहकयंत्रात जोडीची वजाबाकी घेतली की उरलेलीही आणखी घटते. संकेत आणि व्यत्यय यांचे गुणोत्तर 15 डेसिबलहून अधिक, म्हणजे तीसपटीपेक्षा जास्त सुधारते. 1999 मध्ये मेलबर्नच्या ला ट्रोब विद्यापीठातील जीन आर्मस्ट्राँग यांनी हीच कल्पना बहुपदींच्या गुणकांनी व्यापक केली. कुणी चिन्हाच्या कडा गोलवणाऱ्या खिडक्यांचा मार्ग धरला, कुणी 2007 मध्ये संयुग्मी प्रत पाठवण्याचा.

स्व-निरसनाची किंमत उघड आहे: प्रत्येक माहितीला दोन उपवाहक, म्हणजे वेग निम्मा. लिलावात एकेका मेगाहर्ट्झला कोट्यवधी रुपये मोजणाऱ्या कंपनीला हा सौदा परवडणारा नव्हता. सोळा मायक्रोसेकंदांत ऑफसेट मोजता येत असताना निम्मा पट्टा कोण सोडेल? वायफाय, 4जी आणि 5जी यांच्या माहितीवाहिन्या मोजा-आणि-दुरुस्त-करा याच मार्गाने गेल्या. स्व-निरसन नियतकालिकांत आणि प्रबंधांत राहिले.

प्रबंधांत मात्र त्याला महाराष्ट्रात भरपूर आसरा मिळाला. कोल्हापूर परिसर अभियांत्रिकी महाविद्यालयांनी भरलेला आहे. गडमुडशिंगीजवळच्या गोकुळ शिरगावातील केआयटी 1983 पासूनचे. राज्यभरातल्या ई अँड टीसीच्या एम.ई., एम.टेक.च्या विद्यार्थ्यांना हा विषय सोयीचा होता, कारण त्याला प्रक्षेपक लागत नाही, परवाना लागत नाही; मॅटलॅब असले की झाले. त्यातून एक ठरीव साचा तयार झाला: स्व-निरसन, महत्तम संभाव्यता आणि विस्तारित काल्मन गाळणी या तीन रीती घ्यायच्या, ऑफसेट 0.05, 0.15 आणि 0.30 धरायचा, आणि बिटचुकीचे आलेख एकमेकांशेजारी काढायचे. या आलेखांत लहान ऑफसेटला स्व-निरसन चांगले दिसते आणि मोठ्या ऑफसेटला काल्मन. निष्कर्ष चुकीचे नाहीत. पण सिम्युलेशनमधला ऑफसेट पूर्ण वेळ एकाच आकड्यावर बसून राहतो आणि वाहिनीत बहुधा नुसता श्वेत गोंगाट असतो. एसटी, टॉवर आणि तापलेला स्फटिक त्यात नसतात. या पद्धतीने शिकलेल्या पिढीला परस्परलंबता म्हणजे काय हे मात्र हाताखालून गेले, आणि पुणे-मुंबईच्या दूरसंचार कंपन्यांत रुजू होताना तेवढे भांडवल उपयोगी पडले.

प्रत्यक्ष यंत्रणा महाराष्ट्रात आली ती ऑक्टोबर 2012 मध्ये. कोलकाता आणि बेंगळुरूनंतर एअरटेलने पुण्यात 2300 मेगाहर्ट्झवर 4जी सुरू केले. 2010 च्या लिलावात महाराष्ट्राचा पट्टा या कंपनीने घेतला होता. सप्टेंबर 2016 मध्ये जिओची सेवा सुरू झाली आणि 4जी गावोगाव पोचले. 4जीच्या मानकाने जबाबदारीची वाटणी नेमकी केली आहे. मोठ्या टॉवरचे घड्याळ दशलक्षात 0.05 भागांहून जास्त चुकता कामा नये. त्यासाठी टॉवरवर जीपीएसचा आधार किंवा तारेतून येणारी वेळ असते. फोनमधला स्फटिक स्वस्त चालतो, पण टॉवरचा संकेत ऐकून फोनने स्वतःची वारंवारता दशलक्षात 0.1 भागाच्या आत आणली पाहिजे. 2300 मेगाहर्ट्झवर हे 230 हर्ट्झ होतात: 15 किलोहर्ट्झच्या दीड टक्का, मूस यांच्या 4 टक्क्यांच्या बरेच आत. ही अट फोनकडून टॉवरकडे जाणाऱ्या दिशेला जास्त जाचक असते. टॉवरवर एकाच वेळी अनेक फोनचे संकेत येतात आणि प्रत्येकाचा ऑफसेट वेगळा. एकाला दुरुस्त करावे तर दुसरा बिघडतो. म्हणून प्रत्येक फोनने पाठवण्याआधीच स्वतःला जुळवून घ्यायचे. महागडे घड्याळ एका टॉवरवर, आणि शेकडो फोनांनी त्याचा ठेका उचलायचा.

हाच न्याय टोकाला नेलेला पाहायचा तर नारायणगावजवळच्या खोडदला जावे. तिथल्या जीएमआरटी दुर्बिणीच्या 45 मीटर व्यासाच्या तीस तबकड्या पंचवीसेक किलोमीटरांत पसरल्या आहेत, आणि मध्यवर्ती केंद्रातील एकाच प्रमाण घड्याळाचा संदर्भ त्या सगळ्यांना प्रकाशतंतूंतून पोचवला जातो. तिथे ऑफसेट नंतर मोजून काढण्यापेक्षा तो होऊच न देण्याची व्यवस्था आहे. फोनला प्रकाशतंतू बांधता येत नाही, म्हणून बिनतारी यंत्रणेला अंदाजाचे गणित लागते.

आकाशवाणीनेही या वाटेवर पाऊल टाकले. मध्यम आणि लघुलहरींसाठीची डीआरएम ही डिजिटल पद्धत 2003 मध्ये जगात सुरू झाली. आकाशवाणीने मुंबईसह देशातील तीसहून अधिक मध्यमलहरी प्रक्षेपकांवर ती आणली. दहा किलोहर्ट्झच्या अरुंद वाहिनीत तिचे उपवाहक सर्वांत दाट मांडणीत जेमतेम 41.67 हर्ट्झवर असतात. 1000 किलोहर्ट्झवर ग्राहकयंत्राचा स्फटिक दशलक्षात दहा भाग चुकला की दहा हर्ट्झ, म्हणजे पाव अंतर गेले. म्हणून या पद्धतीत 750, 2250 आणि 3000 हर्ट्झवर तीन संदर्भसूर सतत वाजत ठेवलेले असतात. लिंक-11 चा 605 हर्ट्झचा सूर अर्ध्या शतकानंतर तिप्पट होऊन परत आला, असेच म्हणावे लागेल. दूरदर्शनने 2016 मध्ये मुंबई आणि औरंगाबादसह सोळा शहरांत सुरू केलेल्या डिजिटल स्थलीय प्रक्षेपणातही ओएफडीएमच आहे, पायलट लहरी ठिकठिकाणी पेरलेल्या.

पालघर जिल्ह्यातील खामलोलीच्या परिसरात आयआयटी मुंबईच्या अभय करंदीकर आणि अनिमेष कुमार यांच्या गटाने दूरचित्रवाणीच्या रिकाम्या यूएचएफ पट्ट्यातून खेड्यांना इंटरनेट देण्याचा प्रयोग केला. त्याचा वृत्तान्त 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात 2.4 गिगाहर्ट्झचा वायफाय संकेत यूएचएफमध्ये उतरवून वापरला होता. झाडीतून आणि उंचसखल भूभागातून यूएचएफ लांब जातो, हा मुख्य लाभ. ऑफसेटच्या दृष्टीने मात्र अशा रचनेत दुहेरी हिशेब असतो: वाहक खाली आला की डॉप्लर त्याच प्रमाणात घटतो, पण संकेत उतरवणाऱ्या आणि चढवणाऱ्या प्रत्येक दोलकाची स्वतःची चूक मूळ चुकीत मिळते. वायफायचे 312.5 किलोहर्ट्झचे रुंद अंतर अशा वेळी पदरमोड सोसते. डीआरएमचे 41 हर्ट्झ सोसणार नाहीत.

1 ऑक्टोबर 2022 रोजी भारतात 5जीचे उद्घाटन झाले. 5जीने एकच अंतर सर्वत्र लादण्याचे सोडले. 15 किलोहर्ट्झ, त्याची दुप्पट, चौपट, आठपट अशी शिडी ठेवली आणि वाहक जसजसा वर जाईल तसे पायऱ्या चढायला मुभा दिली: 3.5 गिगाहर्ट्झच्या आसपास 30, तर 26 गिगाहर्ट्झवर 120. वाहक वाढला की तीच स्फटिक-चूक जास्त हर्ट्झ होते, आणि अंतरही वाढवल्याने टक्केवारी आटोक्यात राहते. 26 गिगाहर्ट्झवर आणखी एक दुखणे डोके वर काढते. दोलकाची कला एका चिन्हापासून दुसऱ्यापर्यंतही स्थिर राहत नाही, सतत थरथरते. ती पकडायला कलेचा पाठलाग करणारे वेगळे संदर्भसंकेत मानकात घातले आहेत.

2022 मध्येच पूर्ण झालेल्या, मोबाइल मानकांच्या सतराव्या आवृत्तीने 5जीमध्ये उपग्रहांशी थेट बोलणाऱ्या फोनांची सोय केली. खालच्या कक्षेतील उपग्रह सेकंदाला सुमारे साडेसात किलोमीटर धावतो. 2 गिगाहर्ट्झवर त्याचा डॉप्लर 48 किलोहर्ट्झच्या घरात जातो. 15 किलोहर्ट्झ अंतराच्या संकेतात हे तीन उपवाहकांहून जास्त सरकणे झाले, आणि उपग्रह डोक्यावरून जाताना ते अधिकाचे उणे होते. इथे फोन स्वतःचे ठिकाण जीपीएससारख्या यंत्रणेकडून घेतो आणि उपग्रहाने कळवलेली कक्षा वाचतो. त्या क्षणी किती डॉप्लर पडेल याचा हिशेब करून तितकी वारंवारता आधीच उलट दिशेला ढळवून तो संकेत पाठवतो. उपग्रहापर्यंत पोचेपर्यंत ती सरळ झालेली असते.